मुक्कामाची वही

शेवटची एसटी साडेपाचला वळली
तेव्हा मी सागरेश्वराच्या पायरीवर बसलेच होते.
कंडक्टरनं दारातून मान काढली, "ताकारी, ताकारी…"
आणि माझ्याकडं बघून, "काय मावशी, येताय?"
मी मान हलवली.
ती नेमकी कुठल्या बाजूला हलली
हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.
मला अजून लागतोय.

ज्योतीराम गुरवानं वही पुढं केली.
साखर कारखान्याची जुनी डायरी,
पट्टीनं आखलेले चार रकाने :
नाव. गाव. माणसं. कारण.
माझ्या वर कुणी लिहिलं होतं, नवस.
त्याच्या वर, पाय मुरगळला.
एकानं नुसतं, असंच.
मी लिहिलं : इंदुमती थोरवत, सांगली, एक.
त्या 'एक'पाशी पेन जरा अडखळलं.
मग घाईनं : गाडी चुकली.
मघाशी हाच गुरव खांबाला टेकून उभा होता.
काही बोलला नाही.
शाई वाळेस्तोवर वही उघडी धरली.

खोली म्हणजे चार भिंती आणि त्यांवरचा चुना,
टेकलं की पाठीला लागणारा.
एक खिळा. त्याला माझी पिशवी.
चटई, घोंगडं, घोंगड्याला कुणाच्या तरी बिडीचा वास,
कोनाड्यात काड्यापेटी, तिच्यात तीन काड्या.
मी मोजल्या. सवय.
मोबाईलला रेंज नव्हती असं उद्या सांगेन.
होती, एक दांडी.
तेवढ्यावर मुलाला कळवलं : गाडी चुकली.
खोटं एकदा वहीत उतरलं
की दुसऱ्यांदा सोपं जातं.

जर्मनच्या ताटलीत भाकरी, वाटीत हुलग्याचं माडगं.
गुरवाची शेवंता म्हणाली, "गूळ घालू का आणि?"
घरी हे सगळ्यांना मी विचारते.
उत्तर काय द्यायचं असतं
ते आठवेना.

तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात,
आधी दोऱ्या, मग बटणं, मग तक्रारींचं टेबल,
मी ह्याचा आवाज त्याला जोडत बसले.
पुण्याला कोण गेलं, मिरजेत कुणाला मुलगा झाला,
हळदीचा भाव, कोर्टाची तारीख,
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
रात्रपाळीत दोनच्या सुमाराला सगळे बोर्ड गप्प पडायचे
आणि तारेतली एक बारीक गुणगुण उरायची.
ती ऐकायला आले असेन, तर
इथं ती नव्हती.

इथं होती उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, लांब, डोंगराखाली,
मग तीही नाही.
मग वर रानात सांबर ओरडलं, एकदाच,
पितळी घागर फरशीवर आपटावी तसं.
मी उठून बसले.
हा कुणाला जोडून द्यायचा?

पहिली काडी वाऱ्यानं नेली, दुसरी दारापर्यंत पुरली.
बाहेर लहान लहान देवळं दाटीवाटीनं,
लग्नघरात पाहुणे झोपावेत तशी,
कुणाचं डोकं कुणाच्या पायाशी.
आत एकेक पिंड,
एखादीवर कालचं फूल, बाकीच्यांवर धूळ.
मी मधून चालले, बांगड्या हातानं धरून.
कुंडात हात घातला. पौषातलं पाणी.
बाहेर आली ती बोटं
दुसऱ्याच कुणाची होती,
त्यांना काही करायचं नव्हतं.

मग झोपले. किती, ते मोजलं नाही.

जाग आली ती केरसुणीच्या आवाजानं.
ज्योतीराम अंगण झाडत होता, घंटेला हात न लावता,
"पावनं झोपल्यात म्हनलं."
शेवंतानं चहा दिला, गूळ न विचारता.
ऊन अजून शिखराच्या वरच्याच दगडावर होतं.
"सव्वासातची गाडी हाय, बाई,"
तो म्हणाला, केरसुणी न थांबवता,
"आज बी चुकायची का?"

खाली वळणावर हॉर्न वाजला.
मी चपला शोधत होते.
एक सापडली.